फूल उलटून पाहा

गणपती उठले की माझ्या मोबाइलवर पिवळ्या फुलांचे फोटो यायला लागतात. कोणी नाणेघाटातून पाठवतो, कोणी माळशेजला गाडी थांबवून काढलेला असतो, कोणी भिवंडी-वाडा रस्त्याच्या कडेचा. फूल समोरून टिपलेले, पाकळ्या लख्ख, मागचे सगळे धूसर. खाली प्रश्न ठरलेला : "सर, हे कुठलं फूल?" फोटो सुंदर असतात, पण त्यांवरून खात्रीने नाव सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते. सूर्यफुलाच्या कुळातले फूल ज्या बाजूने ओळखू येते, नेमकी तीच बाजू त्यात आलेली नसते. ती बाजू कोणती आणि तिथे काय बघायचे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

भिवंडी, वाडा, शहापूर आणि मुरबाड या चार तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आणि तिथून वर घाटमाथ्यावर, पावसाळ्यात आणि पाऊस सरताना फुलणाऱ्या पिवळ्या फुलांपुरतीच ती मर्यादित आहे. त्यातही फक्त सूर्यफूल कुळ, म्हणजे शास्त्रात ज्याला ॲस्टरेसी म्हणतात आणि जुन्या पुस्तकांत कंपॉझिटी म्हणत, तेवढेच. विषय इतका आखडून घेण्याला कारण आहे. फुलझाडांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. त्याच्या ज्ञात जाती वीस हजारांहून कितीतरी जास्त आहेत. आपल्याकडच्या जातींत पिवळा रंग भरपूर. त्यामुळे डोंगरावर पिवळे दिसले की 'सोनकी' म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय ट्रेकर मंडळींनाही लागली आहे आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांनाही. सोनकी खरोखरच सुंदर आहे. पण पिवळे ते सगळे सोनकी नव्हे.

भिवंडीत बसून रानफुलांवर लिहितो म्हटल्यावर लोक चमकतात. आमचे गाव ओळखले जाते ते यंत्रमागांच्या खडखडाटाने आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोलीकडच्या गोदामांनी. पण नकाशा उघडून बघा. गावातून कामवारी नदी वाहते ती खाडीला मिळते, म्हणजे आम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला. वायव्येला तुंगारेश्वरची रांग. तिचे अभयारण्य वसई, भिवंडी आणि वाडा या तिन्ही तालुक्यांत पसरले आहे. दुगाडजवळ गुमतारा किल्ला, ज्याच्या पायथ्याच्या परिसरात १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांशी लढताना सरदार रामचंद्र गणेश पडले. वज्रेश्वरीच्या मागे मंदाग्नीचा डोंगर, आसनगावजवळ माहुली, पुढे कसारा घाट. कल्याणकडून मुरबाड धरले की नाणेघाट आणि माळशेज. खाडीपासून घाटमाथ्यापर्यंतची सगळी उंची शंभरेक किलोमीटरच्या आत सापडते, आणि उंची बदलली की फूल बदलते. वनस्पती शिकायला निघालेल्या मुलाला याहून सोयीचे गाव मिळणार नाही, असे मी वर्गात नेहमी सांगतो.

आता मूळ मुद्दा. या कुळातले आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसते. तो अनेक फुलांचा दाट फुलोरा असतो. त्याला स्तबक म्हणतात. हे पटवून घ्यायला डोंगरावर जायचीही गरज नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू घ्या (तोही याच कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा) आणि त्याची एक 'पाकळी' हलकेच ओढून काढा. नुसती पाकळी हाती येत नाही. तिच्या बुडाला बारीक काडीसारखे काहीतरी असते. फूल वाळल्यावर आपण परसात पेरतो ते झेंडूचे बी म्हणजे हीच काडी. जिला स्वतःचे बी आहे ती पाकळी कशी असेल? ते स्वतंत्र फूल आहे. एका झेंडूत अशी कितीतरी फुले दाटीवाटीने बसलेली असतात.

सोनकीत ही रचना अधिक स्पष्ट दिसते. कडेने पाकळ्यांसारखी लांबट पिवळी जीभ असलेली असतात ती किरणपुष्पके. मधल्या गोल चकतीत नळीसारखी इवली फुले असतात ती बिंबपुष्पके. दहापट दाखवणारे साधे भिंग डोळ्याला लावून ती चकती बघा. फुले एकदम उमलत नाहीत. कडेची आधी, मग त्यांच्या आतली, असे करत उमलणे केंद्राकडे सरकते. एखादे उमललेले बिंबपुष्पक नीट पाहिले तर दिसते की त्याचे परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची नळी झाली आहे, आणि त्या नळीतून वर येणारी कुक्षिवृंताची दांडी पुढचे पराग ढकलत बाहेर काढते आहे. मग तिचे टोक दुभंगते आणि दोन फांद्या बाहेर वळतात. सगळे काही दोन-तीन मिलिमीटरांत चालते. भिंगातून हे पहिल्यांदा बघणारा मुलगा काही क्षण गप्प होतो, हा माझा अनुभव आहे, आणि त्या गप्प होण्यासाठीच मी मुलांना डोंगरावर घेऊन जातो.

हे झाले समोरून. पण ओळख पटवायची तर स्तबक उलटे करायचे. दोन बोटांत देठ धरून अलगद वळवा, तोडू नका. मागे हिरव्या पानोळ्यांचा पेला दिसतो. त्यातल्या प्रत्येक पानोळीला छद म्हणतात. सोनकीची छदे एकाच रांगेत, सारख्या उंचीची, कुंपणाच्या फळ्यांसारखी एकाला एक लागून उभी असतात आणि त्यांच्या अगदी बुडाशी काही चिमुकली छदे तेवढी वेगळी दिसतात. सेनेसिओ या प्रजातीची ही खूण आहे. आमच्या डोंगरांवरच्या इतर अनेक पिवळ्या फुलांत छदे दोन किंवा अधिक रांगांत असतात, कमीजास्त लांबीची असतात, एकावर एक चढलेली असतात. पाकळ्या मोजत बसण्यापेक्षा ही एक खूण लक्षात ठेवली तर निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम पाने आणि बी करतात. पाने खोडावर एकाआड एक आहेत की समोरासमोर जोडीने, हे बघा. सोनकीची एकाआड एक असतात. आणि पिकलेल्या स्तबकातून एक बी काढून त्याच्या डोक्यावर काय आहे ते पाहा. सोनकीच्या बीवर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका असतो. वारा आला की ते बी उतारभर पसरते. अशा उडत्या बियांना आमच्याकडे पोरे सरसकट म्हातारी म्हणतात.

या तीन खुणा घेऊन आता खुरासणीकडे या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाडा या भागात वरकस जमिनीवर नाचणी-वरीच्या बरोबरीने खुरासणी पेरतात. देशावर तिलाच कारळे म्हणतात. चटणी सगळ्यांच्या ओळखीची. भाद्रपद-आश्विनात तिची शेते पिवळीधमक होतात आणि रस्त्यावरून जाणारा प्रवासी 'सोनकीचा गालिचा' म्हणून फोटो काढतो. फूल सोनकीसारखेच पिवळे. पण उलटून पाहा : बाहेरची छदे रुंद, हिरवी, पानांसारखी, बहुधा पाच. खालची पाने समोरासमोर. आणि बी काळे, चकचकीत, डोक्यावर एकही केस नाही. मूळची इथिओपियाची ही वनस्पती आपल्या डोंगरी शेतीत इतकी मुरली आहे की तिच्याशिवाय इथला आश्विन ओळखू येणार नाही. मुरबाडच्या एका पाड्यावर मी एका आजींना विचारले होते, की रानातले पिवळे आणि तुमचे शेतातले, यात फरक कसा करता? त्या हातातला विळा खाली न ठेवता म्हणाल्या, "बी चोळून बघ की बाबा. तेलाचं बी चकाकतं, रानाचं उडून जातं." माझ्या पुस्तकी व्याख्यानातला अर्धा तास त्या एका वाक्यात मावला होता.

बाकीच्या सोबत्यांविषयी पुढच्या पानांत चित्रांसह तपशील आहेत, म्हणून इथे थोडक्यात. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला आणि फुलोऱ्यात मधली चकतीच नाही, सगळी पुष्पके जिभेच्या आकाराची, तर ती पाथरी किंवा तिची जवळची बहीण. किरणपुष्पके मुळीच नाहीत, नुसते पिवळे गोंडे, आणि पान चुरडल्यावर उग्र वास आला तर भांबुर्डा. तो पाऊस संपल्यावर, भात कापलेल्या मोकळ्या शेतांत अधिक दिसतो. शंकूसारखा पिवळा गोंडा चावल्यावर जीभ बधिर झाली तर अक्कलकाढा. एका उंच दांडीवर एकच फूल, मध्ये पिवळे आणि कडेला फिक्या पांढरट मोजक्या जिभा, ती एकदांडी. खरचटल्यावर जिचा पाला चोळून लावतात ती हीच, मध्य अमेरिकेकडून आलेली आणि आता प्रत्येक पायवाटेवर स्थिरावलेली.

आणि एक इशारा. कवळा, म्हणजे स्मिथिया, हा या कुळातला नाहीच. सप्टेंबरात कास पठारापासून घाटमाथ्यापर्यंत जो पिवळा रंग पसरतो त्यात कवळ्याचा वाटा फार मोठा आहे. पण तो वाल-मुगाच्या कुळातला. त्याचे फूल खरोखर एकच फूल असते, पतंगाच्या आकाराचे, आणि पान छोट्या दलांचे. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यात कवळा आणि सोनकी शेजारीशेजारी फुलतात तेव्हा दुरून काही कळत नाही. खाली बसून बघावेच लागते.

सोनकीसुद्धा एकच नाही, हे इथेच सांगून ठेवतो. सेनेसिओ प्रजातीच्या अनेक जाती सह्याद्रीत आहेत. एजवर्थच्या नावाची जाती पांढऱ्या लोकरीसारख्या लवेने ओळखू येते. बेळगावच्या नावाची एक आहे, डाल्झेलच्या नावाची एक आहे. घाटमाथ्यावर सर्वांत जास्त भेटते ती सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत ती सेनेसिओ ग्रॅहमाय या नावाने सापडेल आणि विद्यार्थी गोंधळतील, म्हणून तिची हकिकत सांगितली पाहिजे.

जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याने जी यादी केली ती १८३९ साली छापली गेली. मात्र छपाई पुरी होण्याआधीच, त्याच वर्षी, खंडाळ्याला त्याचा ऐन तारुण्यात मृत्यू झाला आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. आपल्या भागातल्या वनस्पतींची पहिली छापील मोठी नोंद ती हीच. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आला. त्यातले गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींचा कोश पुरा केला, जो आजही टेबलावर ठेवल्याशिवाय आमचे काम चालत नाही. दरम्यान जोसेफ हूकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात या सोनकीला ग्रॅहमाय हे नाव दिले. अडचण एवढीच, की त्या नावाची दुसरी एक वनस्पती आधीच नोंदलेली होती. नियमाप्रमाणे एकच शास्त्रीय नाव दोन जातींना चालत नाही आणि मान पहिल्या नावाचा. म्हणून एन. पी. बालकृष्णन यांनी आपल्या सोनकीला नवे नाव दिले, त्यात मुंबई आली. मला हे नाव आवडते. ज्या शहराला आता डोंगर दिसायचे बंद झाले आहेत, त्या शहराच्या नावाने एक डोंगरी फूल जगभरच्या नोंदींत कायमचे बसले आहे.

या लोकांनी काम कसे केले हे मुलांनी प्रत्यक्ष बघावे, म्हणून मी त्यांना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम पाहून येण्याचा आग्रह धरतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा असे मोठे संग्रह आहेत. जाड कागदावर दाबून सुकवलेली वनस्पती, कोपऱ्यात चिठ्ठी : ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, झाडाविषयी दोन ओळी. रंग उडालेला असतो. पण छदांच्या रांगा मोजता येतात, पाने समोरासमोर की एकाआड एक ते दिसते, बीवरचे केस दिसतात. शंभर वर्षांनंतरही त्या कागदावरून ओळख पटते किंवा जुनी ओळख चुकीची ठरवता येते. समोरून काढलेल्या फोटोला हे जमत नाही.

नेमके नाव कळून करायचे काय, असे पालक विचारतात. त्याचे एक उत्तर पोटाशी संबंधित आहे. पावसाळ्यात आता गावोगावी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. पाथरीची भाजी आमच्या आजीच्या काळापासून खाल्ली जाते. पण सेनेसिओ प्रजातीतल्या अनेक वनस्पतींमध्ये पायरोलिझिडीन गटाची अल्कलॉइडे असतात आणि ती यकृताला अपाय करतात. युरोपात याच गोतावळ्यातले रॅगवर्ट खाऊन घोडे आणि गुरे मरतात. दक्षिण आफ्रिकेत गव्हात सेनेसिओ मिसळला गेल्यामुळे त्या पिठाची भाकरी खाणारी माणसे दगावली आहेत. शिवाय हे विष लगेच जाणवत नाही, साठत जाते. दोन पिवळी फुले 'सारखीच तर आहेत' म्हणून कोवळा पाला खुडणे हा खेळ नाही. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय या कुळातली एकही रानभाजी खाऊ नये, असे मी इथे स्पष्ट लिहितो.

दुसरे उत्तर डोंगराच्या प्रकृतीशी संबंधित आहे. मेक्सिकोकडचा पिवळा-नारिंगी कॉसमॉस पुण्याच्या टेकड्यांपासून घाटरस्त्यांपर्यंत पसरला आहे. चिरलेली पाने समोरासमोर, बी लांब काडीसारखे आणि टोकाला कपड्यांना अडकणारे काटे, यावरून तो लगेच ओळखू येतो. सोसायट्यांच्या बागेत जमिनीवर पसरवण्यासाठी लावतात ती वेडेलिया जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. ती ओढ्यांच्या कडेने रानात शिरते. तरीही दरवर्षी जूनमध्ये हौशी मंडळी बीजगोळे घेऊन डोंगरावर जातात आणि त्यात काय भरले आहे हे कोणी विचारत नाही. 'डोंगर पिवळा झाला, छान झाले' हे समाधान फसवे आहे. कॉसमॉस जिथे दाटतो तिथे सोनकीला, कवळ्याला, गवतांना जागा उरत नाही. डोंगरावर फुले फेकायला जाणाऱ्यांनी आधी वर्षभर डोंगरावरची फुले ओळखावीत, असे माझे ठाम मत आहे. सातेरी मधमाश्या, फुलपाखरे, भुंगे यांची पावसाळा सरतानाची गुजराण स्थानिक फुलोऱ्यावर चालते. ती साखळी आपल्या हौसेने तोडायचा अधिकार आपल्याला नाही.

आमच्या तालुक्यात डोंगर आणखी एका मार्गाने कमी होत आहेत. खडीसाठी खदानी लागतात, गोदामांसाठी भराव लागतो, आणि दोन्ही टेकड्यांतूनच येतात. या व्यवसायांवर हजारो घरे चालतात, त्यात माझ्या विद्यार्थ्यांचीही घरे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण टेकडी कापण्याआधी तिच्यावर काय उगवत होते याची नोंद तरी असावी. ग्रॅहमने आपल्या काळी जे होते ते लिहून ठेवले म्हणून आज तुलना करता येते. भिवंडीच्या टेकड्यांची तशी नोंद करण्याचे काम आता इथल्याच मुलामुलींचे आहे, आणि त्यांच्या हातात फोनच्या रूपाने असे साधन आहे की ग्रॅहमला त्याचा हेवा वाटला असता.

म्हणून ही पुस्तिका वाचून बाजूला ठेवू नका, पिशवीत घेऊन बाहेर पडा. पिवळे स्तबक दिसले की चार फोटो काढा : एक समोरून, एक मागून छदांचा, एक पानांची मांडणी दिसेल असा, एक पूर्ण झाडाचा त्याच्या जागेसह. बी पिकले असेल तर तळहातावर घेऊन पाचवा. गावाचे नाव, तारीख, जमीन कातळाची की शेताची, एवढे लिहून ठेवा. झाड उपटू नका. सोनकी वर्षायू आहे, ती बियांवरच पुढच्या वर्षी उगवते. नाव लगेच सुचले नाही तर अंदाजाने लिहू नका, जागा कोरी सोडा. आणि नोंदी आपल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या विज्ञान शिक्षकांकडे जमा करा, म्हणजे या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत गुमतारा, मंदाग्नी आणि माहुलीच्या याद्या तुमच्या नावानिशी छापता येतील.